मायखोलीची साक्ष

शामला रोज सकाळी चहाचं आधण ठेवताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायची आणि मनातल्या मनात भरतीची वेळ काढायची. तिथीची पाऊणपट केली की वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. वडिलांनी लहानपणी शिकवलेलं गणित. गिट्टीखदानातल्या तिच्या स्वयंपाकघरापासून समुद्र आठशे किलोमीटर लांब, तेव्हा या माहितीचा तिला काडीचाही उपयोग नव्हता. तरी चौतीस वर्षांत एक सकाळ चुकली नव्हती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

तिचं माहेर साखरवेळ, सिंधुदुर्गातलं मच्छीमारांचं गाव. माहेरचं नाव सत्यवती. ती वीस वर्षांची असताना एका हिवाळ्यात समुद्राच्या तळाशी कोणतं खनिज आहे ते तपासायला सरकारी पथक गावात उतरलं. त्यांनी तिच्या वडिलांची, पांडू तांडेलांची, होडी भाड्याने घेतली. पथकात नमुने उचलणारा, धुणारा, पिशव्यांत भरून चिठ्ठ्या लावणारा एक मदतनीस होता. पारशिवनीकडच्या शेतकरी घरातला, नाव वामन. पेंचचं धरण सोडलं तर त्याने तोवर मोठं पाणी म्हणून पाहिलं नव्हतं. पहिले चार दिवस तो होडीच्या काठाला लोंबकळून ओकत होता. पाचव्या दिवशी सत्यवतीने त्याला आमसुलाचं पाणी नेऊन दिलं, आणि "मले बरं वाटून राहिलं" हे त्याचं बोलणं ऐकून ती पोट धरून हसली. पुढे काय झालं ते वेगळं सांगायला नको. मे महिन्यात पथक परत निघालं तेव्हा ती त्याच्याबरोबर नागपूरला आली. सासूने नाव शामला ठेवलं. वडिलांचा एकच निरोप आला, 'दर्याकडे पाठ केलीस, आता वळून बघू नकोस.'

तिने तो निरोप अक्षरशः पाळला. वामनराव माणूस चांगला होता. शब्दाने कधी दुखावलं नाही, पगार घरात दिला, सासू आजारी पडली तेव्हा बायकोच्या बरोबरीने उशागती बसला. नूपुर झाली, शिकली, लग्न होऊन पुण्याला गेली. संसार म्हणतात तो असा सगळा यथास्थित झाला. पण एप्रिलमध्ये कूलर सुरू झाला की दुपारच्या अर्धवट झोपेत त्याची घरघर शामलाला लाटांसारखी वाटायची, आणि जाग आल्यावर खिडकीत बाभूळ दिसली की ती कूस बदलून पुन्हा डोळे मिटायची. फुटाळ्याच्या तलावावर सगळं नागपूर संध्याकाळी हवा खायला जातं. ती एकदाच गेली. इतकं पाणी, आणि एका जागी उभं! तिला ते बघवलं नाही. सदरच्या मंगळवारी बाजारात बर्फातले बांगडे येतात. ते ती घ्यायची नाही, नुसती हात लावून यायची.

वडील गेले तेव्हा पोस्टकार्ड आलं, तेराव्यानंतर. थोरल्या भावाच्या, बाबलदादाच्या अक्षरात तीन ओळी. त्यालाही सोळा वर्षं झाली.

यंदा डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचं अधिवेशन भरलं आणि नेहमीप्रमाणे राज्यभरातून मोर्चे येऊ लागले. रस्ते बंद, ऑटोवाल्यांची कुरकुर, पेपरात रोज कुणाच्या ना कुणाच्या मागण्या. मंगळवारी सकाळी वामनराव चहाचा कप हातात धरून नुसते बसले होते. कपावर साय धरली.

"चहा थंडा झाला," शामला म्हणाली.

"साखरवेळवाले आले हायेत," वामनराव म्हणाले.

तिला आधी कळलंच नाही. चौतीस वर्षांत त्या घरात गावाचं नाव असं सहज कुणी उच्चारलं नव्हतं.

"कोण आले?"

"तुमच्या गावचे. मोर्चा हाये त्यांचा. तिथल्या समुद्रातली काळी रेती काढायचा लिलाव करून राहिले ना, त्याच्याविरुद्ध. पेपरात परवाच आलं होतं."

"परवा? मग सांगितलं काहून नाही?"

वामनरावांनी कप खाली ठेवला. "भेव वाटलं वं. तू जाशीन, अन् मग..."

शामलाने गॅस बंद केला. साडी बदलली, शाल घेतली. वामनराव दारापर्यंत आले, पण 'मी येऊ का' असं त्यांनी विचारलं नाही आणि तिनेही 'चला' म्हटलं नाही. कोपऱ्यावर ऑटो मिळाला. "यशवंत स्टेडियम," ती म्हणाली. मोर्चे तिथेच उतरतात हे नागपुरात सगळ्यांना ठाऊक असतं.

स्टेडियमच्या बाजूला मांडवच मांडव होते. अंगणवाडीच्या बाया, विनाअनुदानित शाळांचे मास्तर, कुठले कुठले धनगर बांधव. भोंग्यांचा एकमेकांत मिसळलेला आवाज. शामला एकेक फलक वाचत पुढे गेली. आणि फलक दिसायच्या आधीच तिला बोलणं ऐकू आलं.

"अगो, ता पाणी हयसर ठेव मगे!"

ती जागच्या जागी थांबली. कुणीतरी बाई पाण्याच्या कॅनवरून कुणालातरी ओरडत होती, इतकंच. पण ती बोली शामलाच्या कानांवर चौतीस वर्षांत पडली नव्हती. तिने मांडवाचा बांबू धरला. शंभर-सव्वाशे माणसं असतील. नागपूरच्या थंडीचा अंदाज नसल्याने मिळेल ते अंगावर घातलेलं, पुरुषांच्या कानाला मफलर, बायांनी लुगड्यावर नवऱ्यांचे स्वेटर चढवलेले. फलकावर लिहिलं होतं: 'आमचा दर्या लिलावाला नाही.'

एक पंचविशीची मुलगी पत्रकं वाटत होती. तिने एक शामलापुढे केलं. "काकू, तुम्ही कुठल्या संघटनेच्या?"

शामलाने तोंड उघडलं. मालवणीत बोलायचं होतं. शब्द सगळे आत होते, एकेक स्पष्ट दिसत होता, पण जिभेवर यायला तयार नव्हता. शेवटी ती म्हणाली, "मी इथलीच हाये... नाही, मी तिथलीच. पांडू तांडेलांची मुलगी मी."

मुलीच्या हातातली पत्रकं तशीच राहिली. "पांडू तांडेल माझे आजोबा," ती म्हणाली. "मी प्रीती. बाबल तांडेलांची." आणि मग हलक्या आवाजात, "तुम्ही सत्याआते?"

बाबलदादा मांडवाच्या मागच्या बाजूला उलट्या घमेल्यावर बसला होता. सव्वीस तासांच्या प्रवासाने पाय सुजलेले, माकडटोपीतून पांढरी दाढी बाहेर आलेली. शामलाला तो ओळखू आला तो बसण्यावरून. वडील असेच बसायचे, दोन्ही हात गुडघ्यांत सोडून.

"दादा," ती म्हणाली.

त्याने वर बघितलं. बराच वेळ बघितलं. चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि पुन्हा दगडासारखं झालं.

"सत्या," तो म्हणाला. "कित्याक इलंस?"

कशाला आलीस, असं विचारून तो उत्तरासाठी थांबला नाही. तो पुढे म्हणाला, "तुझ्या घोवान, त्या वामनान, भोकां पाडली ना, तीच जागा. मायखोल. आता थयसून वाळू उपसतले. मोठी बोट लावून, तळच्या तळ ओढून." मग त्याने तोंड फिरवलं. "तेव्हा बापाशीन होडी दिली. आणि पोरगीय दिली म्हणूक व्हयी."

प्रीती मध्ये पडली. "बाबा, पुरे." तिने शामलाला बाजूला नेलं, एका चटईवर बसवलं. ती रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकली होती, आणि हे सगळं प्रकरण तीच सांभाळत होती. तिने एक कागदांचा जाड गठ्ठा काढला, त्यातलं एक पान उघडलं. लिलावाच्या माहितीपत्रात त्या टापूबद्दल लिहिलं होतं: पूर्वीच्या सर्वेक्षणातील नमुन्यांत उल्लेखनीय जीवसृष्टी आढळलेली नाही, सबब उत्खननाचा मासेमारीवर परिणाम नगण्य राहील.

"मायखोलीत काय काय वाढतं ते गावात कुणालाही विचारा," प्रीती म्हणाली. "मुडदुश्यांची पिल्लं, कोळंबी, तिसऱ्या. माकुलं तिथेच अंडी घालतात. पण आम्ही सांगितलं की म्हणतात, तुमचं हे सांगोवांगी, आमच्याकडे चारशे नमुन्यांचा सरकारी अहवाल आहे. आमच्या बाजूने लिहिलेलं काहीच नाही, आते. उद्या दुपारी मंत्र्यांनी पंधरा मिनिटं दिली आहेत. काय दाखवणार आम्ही?"

मायखोल! शामलाला ती जागा डोळे मिटून दिसली. पाऊस संपला की दिवाळीपर्यंत तिथे कुणी जाळं टाकायचं नाही, हा गावचा नियम. कागदावर कुठे नव्हता. एकदा बाहेरगावच्या एका ट्रॉलरने टाकलं होतं, तर सगळं गाव होड्या घेऊन आडवं गेलं होतं. लहानपणी तिने वडिलांना विचारलं होतं, तिथे देव आहे का म्हणून. वडील म्हणाले होते, देव नाय, बाळंतीण आसा.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा वामनराव ओट्यावरच बसले होते. सकाळचे कपडे तसेच. ती परत आली हे बघून त्यांनी सुस्कारा सोडला, आणि तो तिला ऐकू गेला म्हणून ओशाळले.

आत गेल्यावर तिने प्रीतीकडून मागून, पदराआड जपून आणलेलं ते पान त्यांच्या हातात दिलं. वामनरावांनी चष्मा लावला. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. वाचताना त्यांचे ओठ हलत होते.

"हे कोणी लिहिलं?" ते म्हणाले.

"मले काय माहीत? तुमच्या नमुन्यांवरून लिहिलं म्हणतात."

वामनराव उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. "शामला, नमुना धुवावा लागते. वर आला की पहिले जाळीवर धुवायचा, रेती खाली, बाकीचं फेकून द्यायचं. मग वाळवायचं, मग तोलायचं. प्रयोगशाळेत गेली ते धुतलेली रेती. त्याच्यात जीव कुठून दिसन?"

"आणि फेकलेल्यात काय होतं?"

बाहेर गल्लीत कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"सगळंच होतं," ते शेवटी म्हणाले. "मायखोलीत त्या जागेवर रेती उचलायचा लोखंडी चिमटा खाली सोडला की भरून यायचा. बारके शिंपले, किडे, नखाएवढ्या मासोळ्या. अन् ते पांढरे घोस. बोटाएवढे लांब, लिबलिबीत. मी हातात घेऊन उन्हात धरलं होतं एकदा. संत्र्याची फोड सोलल्यावर आतले दाणे दिसतात ना, तसं आरपार. त्याच्यात हलून राहिलं होतं काहीतरी. मी तुझ्या बाबांना विचारलं. ते म्हणाले, माकुलाची अंडी, परत सोड. मी साहेबांना सांगितलं, हे लिहायचं का? साहेब म्हणाले, आपल्याला रेती तोलायची आहे, मासळी नाही. धू."

"आणि तुम्ही धुतलं."

"धुतलं." त्यांनी स्वतःच्या तळव्यांकडे बघितलं. "सव्वाशे नमुने तरी असतीन मायखोलीचे. तुझे बाबा बघत राहायचे अन् काही बोलायचे नाही."

शामला समोर बसली. तिला रागावायचं होतं, पण समोरचा माणूस एकाएकी फार म्हातारा दिसत होता.

"उद्या त्यांची मंत्र्याशी भेट हाये," ती म्हणाली. "हेच तिथे सांगाल?"

"शामला, ते माझं काम होतं." वामनरावांचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "साऱ्या नोकरीत मी काय केलं? पिशव्या भरल्या, चिठ्ठ्या लावल्या. तेवढं एकच मोठं काम. रिटायर झालो त्या दिवशी साहेबलोक भाषणात तेच बोलले, वामनरावांनी समुद्राच्या पोटातून खनिज आणलं. आता मीच जाऊन सांगू का, ते सारं अर्धवट होतं म्हणून?"

"नका सांगू," ती म्हणाली, आणि स्वयंपाकाला उठली.

तिने पोळ्यांची कणीक भिजवली. मळता मळता तिचे हात थांबले. पाठमोरीच ती म्हणाली, "चौतीस वर्षं मी तुम्हाला काही मागितलं नाही. मागायचं सुचलंच नाही, असं समजू नका."

ती पोळ्या लाटू लागली. पाचवी पोळी तव्यावर असताना तिला बाहेरच्या खोलीतून त्यांचा फोनवरचा आवाज ऐकू आला. काटोलला महादेवरावांना लावला होता. महादेवराव म्हणजे त्या पथकातले दुसरे मदतनीस, आता संत्र्याची बाग सांभाळत होते. "हाव गा, साखरवेळचीच गोष्ट," वामनराव म्हणत होते. "तुले ते पांढरे घोस आठवतात का?... आठवतात ना? मग उद्या पहिल्या बसनं ये. सही करावी लागन."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं मांडवात पोचले. महादेवरावांनी बसमधून पोतंभर संत्री आणली होती आणि आल्या आल्या ती वाटायला सुरुवात केली, लग्नघरी आल्यासारखी. वामनराव मात्र बाबलसमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांना बसही कुणी म्हटलं नाही.

प्रीतीने वामनरावांचं सगळं बोलणं ऐकून घेतलं, भराभरा लिहून काढलं. बाबल बाजूला बसून जमिनीकडे बघत होता. ती थांबल्यावर त्याने पहिल्यांदा मान वर केली.

"मायखोल खंय, तां सांगा," तो वामनरावांना म्हणाला. "आमका कोणी पढवलेलो साक्षीदार नको."

वामनरावांनी डोळे मिटले. "गावाकडे तोंड करून बसायचं," ते म्हणाले. "रवळनाथाच्या देवळाचा कळस अन् त्याच्या मागं डोंगरावरचं ते एकटं वडाचं झाड, दोन्ही एका लायनीत आले पाहिजेत. मग डाव्या हाताकडे बेट पाहायचं. बेटाची शेपटी भुईपासून सुटी दिसली की नांगर टाकायचा. पाणी सात वाव खोल. तुमच्या बाबांनी सांगितलं होतं. रोज सकाळी म्हणून घ्यायचे माझ्याकडून."

मांडवातल्या दोन-तीन म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. बाबलने माकडटोपी मागे सारली. हे शब्द त्याच्या वडिलांचे होते, त्याच क्रमाने. नुसती बोली परकी होती.

"वड पडलो," बाबल म्हणाला. "दोन वर्षां झाली वादळात." मग घमेल्यावरून उठला आणि ते वामनरावांकडे सरकवलं. "बसा."

विधानभवनात जायला पाचच पास होते. ठरलेल्या पाचांत बाबल होता. त्याने खिशातून पास काढून महादेवरावांना दिला, आणखी एकाने वामनरावांना. प्रीती आणि गावचे दोघं मिळून पाच जण पोलिसाच्या मागे निघून गेले. बाकीचा मोर्चा टेकडी रोडला कठड्यांशी अडवलेला. लोक रस्त्यावरच बसले. बाबल आणि शामला फूटपाथच्या कडेला, एकमेकांपासून हातभर अंतरावर.

समोरच्या गाड्यावरून तिने दोन प्लेट तर्री पोहे आणले. बाबलने एक घास खाल्ला आणि डोळ्यांतून पाणी आलं. "ह्या तुमी सकाळचा खातास?" तो म्हणाला. ती हसली. तोही हसल्यासारखा झाला.

मग तोच बोलला, रस्त्याकडे बघत.

"बापूस तुझा नाव घेय नसलो. घरात कोणी काढला तरी उठान जाय. पण होडयेचा नाव तेणी कधी बदलूक नाय."

शामलाला समजेना. "कुठलं नाव?"

"तू गेलंस त्या वर्षी नवी होडी बांधली. सगळे म्हणाले, देवाचा नाव घाल. तेणी सत्यवती घातला. दरवर्षी पावसाआधी नवो रंग मारी, आणि ती अक्षरां स्वतः काढी. हात कापूक लागले तरी दुसऱ्याक ब्रश देय नसलो." बाबलने प्लेट खाली ठेवली. "तेच्या मागसून मी काढतंय. माझा अक्षर बरा नाय."

शामलाने शालीचं टोक तोंडात धरलं. समोरून अंगणवाडीच्या बायांचा मोर्चा घोषणा देत चालला होता. त्या गर्दीत, त्या भोंग्यांत, ती हमसून हमसून रडली आणि कुणाचं लक्षही गेलं नाही. बाबलचा हात बराच वेळ तिच्या पाठीमागे हवेत राहिला. मग टेकला.

"रडा नको गो," तो म्हणाला. "मीया पत्र धाडूक व्हया होता. राग होतो. राग कधी जाता आणि आपण कधी जातो, समजणाच नाय."

आतले लोक तासाभराने बाहेर आले. काय झालं ते प्रीतीने मांडवात सगळ्यांना सांगितलं. मंत्र्यांनी घड्याळ बघत बघत निवेदन घेतलं. शेजारचा अधिकारी म्हणाला, अहवालाविरुद्ध पुरावा काय? तेव्हा वामनराव उभे राहिले. आधी त्यांना बोलताच येईना. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाले, "साहेब, पुरावा म्हणजे हे हात. अहवालातली रेती याच हातांनी धुतली आहे. धुण्याआधी तिच्यात काय होतं ते अहवाल लिहिणाऱ्यानं पाहिलंच नाही. मी पाहिलं." महादेवराव म्हणाले, "अन् मी." अधिकाऱ्याने विचारलं, इतक्या वर्षांनी आत्ताच कसं आठवलं? वामनराव म्हणाले, "आठवण तर रोजच होती. विचारलं आजच कोणी."

मंत्री पहिल्यांदा घड्याळावरून नजर काढून बघायला लागले, असं प्रीती म्हणाली. दोघांचे जबाब सहीनिशी दाखल झाले, आणि निघताना लेखी उत्तर हातात पडलं: साखरवेळसमोरचा टापू या लिलावातून तूर्त बाजूला ठेवण्यात येत आहे, वर्षभर सगळ्या ऋतूंत मत्स्यजीवनाची पाहणी करावी, तीत स्थानिक मच्छीमारांना सोबत घ्यावं, मगच पुढचा निर्णय.

मांडवात टाळ्या पडल्या. एक म्हातारी विचारत राहिली, "म्हणजे जिकलों मां आमी?"

"नाय गो आजी," प्रीती म्हणाली. "एक वर्ष मिळालं. रद्द नाही झालं." पण बोलताना ती हसत होती.

मडगावची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची होती. शामला सकाळपासून स्वयंपाकघरात होती. पोळ्या, झुणका, वडाभात, शंभरावर लोकांना पुरणार नाही हे माहीत असूनही. स्टेशनवर डब्याच्या दारात उभी राहून प्रीती म्हणाली, "काका, पाहणी फेब्रुवारीत सुरू करायची म्हणतायत. जुन्या जागा दाखवायला तुम्ही हवे."

"मले तर होडीत मळमळते," वामनराव म्हणाले.

"आमसुलां आसत," बाबल आतून म्हणाला. मग तो खिडकीशी आला. बहिणीला काहीतरी सांगायचं होतं, ते त्याला जमत नव्हतं. गाडी हलल्यावर जमलं. "सत्या, गावाक ये," तो मोठ्याने म्हणाला. "तुझीच वाट..." पुढचं गाडीच्या आवाजात गेलं.

ती गाडीबरोबर चार पावलं चालली. डबे सरकत गेले, फलकाच्या काठ्या खिडक्यांतून बाहेर आलेल्या, कुणी कुणी हात हलवणारे. मग रूळ रिकामे झाले. तेच रूळ, सलग, थेट समुद्राच्या काठापर्यंत जाणारे. या शहरात इतकी वर्षं राहून तिच्या हे कधी मनात आलं नव्हतं, की मुद्दाम येऊ दिलं नव्हतं.

वामनराव मागे येऊन उभे राहिले.

"तुले यांच्यासंग जायचं होतं का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

ती त्यांच्याकडे वळली. इतक्या वर्षांनी खोटं बोलायचं काही कारण उरलं नव्हतं. "आली त्या दिवसापासून," ती म्हणाली.

वामनरावांनी मान हलवली. चेहरा पडला, पण त्यांनी तो लपवला नाही. दोघं पुलाच्या पायऱ्या सावकाश चढले. वर पोचल्यावर ते दम घेत थांबले, मग घराच्या बाजूने न उतरता आरक्षणाच्या खिडकीकडे वळले. रांगेत सतरा माणसं होती. फेब्रुवारीची पहिली गाडी भरलेली. दुसऱ्या गाडीत दोन तिकिटं मिळाली, तीही प्रतीक्षा यादीतली. वामनरावांनी ती वाचली, घडी घातली आणि शामलाच्या हातात दिली.

बाहेर ऑटोची वाट बघत उभं असताना ते म्हणाले, "तिथं गेल्यावर तुझं वापस यायचं मन नाही झालं त?"

शामलाने विचार केला. नाही, असं कसं होईल, असं म्हणणं सोपं होतं, आणि कालपर्यंत ती तेच म्हणाली असती.

"मले नाही माहीत," ती म्हणाली.

"हाव," वामनराव म्हणाले. "ठीक हाये." ऑटो थांबला. त्यांनी आधी तिला बसू दिलं.